वरची शाळा

सिद्धेशने नानांच्या डोक्यावर आईची काळी शाल पांघरली, हनुवटीखाली साडीची पिन लावली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"झालं. आता नाना म्हणजे सिस्टर."

नाना म्हणजे दत्तात्रय, सिद्धेशचे वडील आणि त्याच्या बायकोचे, सुलेखाचे, सासरे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी ते ताठ बसले. मिशा तेवढ्या आड येत होत्या.

"गूटन टाग," ते खर्जात जर्मनमध्ये म्हणाले. "नाव सांगा!"

"अहो नाना, नन अशी बोलते का?" सिद्धेशची बहीण नंदिनी सोफ्यावरून ओरडली. दोन महिन्यांचा मल्हार तिच्या खांद्यावर पेंगत होता. "चौकीत जबानी घेताय असं वाटतंय."

सुलेखाला हसू आवरेना. खरं तर हसण्यासारखी वेळ नव्हती. उद्या सोमवारी, दुपारी तीनला, वरच्या शाळेत बोलावलं होतं. आईवडील आणि मुलगी, प्रत्यक्ष मुख्याध्यापिकेशी बोलणं. आणि पुण्याचा माणूस शाळेच्या इंटरव्ह्यूला तयारी केल्याशिवाय जात नाही, मग ती शाळा पुण्यात असो नाहीतर जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या वरच्या टेकडीवर. सिद्धेशने ऑफिसातल्या प्रेझेंटेशनसारखी प्रश्नोत्तरं तयार केली होती. तुला कोणतं पुस्तक आवडतं, लॅटिन का शिकायचं आहे, घरी प्रार्थना करता का. उत्तरं सगळी जर्मनमध्ये, पाठ.

ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती ईश्वरी समोरच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. वय वर्षं दहा. नानांच्या प्रश्नांना ती पाठ केलेली उत्तरं देत होती खरी, पण इतक्या बारीक आवाजात, की नानांना कानाला हात लावावा लागत होता.

"मोठ्याने, बेटा," सिद्धेश तिला जर्मनमध्ये म्हणाला.

ईश्वरीने तेच उत्तर आणखी हळू दिलं.

दुखणं नेमकं तिथेच होतं. जानेवारीत सहामाहीचा निकाल देताना वर्गशिक्षिकेने शांतपणे सांगून टाकलं होतं, की ईश्वरीसाठी आपली शिफारस रेआलशूलची आहे, विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमची नाही. गणित उत्तम, अक्षर सुंदर, पण मुलगी बोलत नाही. वर्गात हात वर करत नाही. घरातली भाषा कमी पडते, काय करणार. या देशात दहाव्या वर्षीच मुलांच्या वाटा वेगळ्या करतात. शिफारस डावलून तुम्ही पोरीला मोठ्या शाळेत घालू शकता, पण वर्षभरात धापा टाकायला लागली तर परत पाठवतात, आणि परत आलेलं मूल काय मनाने परत येतं ते कुणी पाहत नाही.

घरातली भाषा कमी पडते! सुलेखाच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कारण दोन वर्षांपूर्वी याच बाईंनी सांगितलं होतं, घरी तिच्याशी जर्मन बोलत जा. शिक्षक म्हणाले म्हणजे संपलं. सुलेखा आणि सिद्धेशने त्याच रात्रीपासून घरातलं मराठी बंद केलं. आपापसात बोलायचे, पण ईश्वरीशी नाही. संध्याकाळच्या क्लासात शिकलेलं मोडकंतोडकं जर्मन घेऊन सुलेखा लेकीला दात घासायला सांगायची, रागवायची, गोष्टी सांगायची. गोष्टी तर बिचाऱ्या चार वाक्यांत आटपायच्या. ईश्वरी सुरुवातीला तिच्या चुका सुधारायची. मग सुधारणं सोडलं. मग हळूहळू बोलणंच आटलं.

वरच्या शाळेचं तसं नव्हतं. ती सरकारी नव्हती, कॅथलिक नन्सची होती, फक्त मुलींची. पाचवीपासून लॅटिन, पुढे ग्रीक. वर्ग लहान. कागदावरची शिफारस ते बघायचे, पण प्रत्येक मुलीशी स्वतः बोलल्याशिवाय हो-नाही ठरवायचे नाहीत. नोव्हेंबरात शाळा बघायला सुलेखा एकटीच गेली होती. तिथे पायऱ्यांवर उभ्या राहून पाचवीतल्या मुली लॅटिनमध्ये कसलंसं छोटं नाटुकलं करत होत्या. त्यातली एक दाताला तार लावलेली, अंगाने काडी, अशी काही खणखणीत बोलत होती की सुलेखा तिथेच खिळली. ईश्वरी इथे अशी बोलेल, हे तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

घरात मात्र यावरून तट पडले होते. नाना पहिल्या दिवसापासून सुलेखाच्या बाजूचे. "लॅटिन म्हणजे यांचं संस्कृत. पोरगी देवभाषा शिकत्येय, अडवायचं काय त्यात?" सिद्धेश आधी कुंपणावर होता, मग शिस्त आणि गणवेश नसूनही गणवेशातल्यासारख्या दिसणाऱ्या मुली फोटोंत पाहून इकडे उतरला. नंदिनी शुक्रवारी ड्युसेलडॉर्फहून बाळाला घेऊन आली ती ही शाळा नको म्हणणाऱ्या आईचा पक्ष घेऊनच. आईबाबा मुळात तिच्या बाळंतपणासाठी आलेले, महिनाभर तिच्याकडे राहून मग इकडे आलेले. तेव्हा आईचं मन आपल्यालाच कळतं, असा तिचा दावा होता. पण शनिवारी रेआलशूलचं प्रकरण नीट ऐकल्यावर ती चिडली. "वहिनी, माझ्या ऑफिसात सगळे तेच सांगतात. तुर्की पोरांनाही हेच ऐकवतात. तू घाल तिला. आईचं मी बघते."

आईचं मात्र कुणालाच बघता आलं नाही. सुलेखाच्या सासूबाई, शैलाताई, दोन दिवस गप्प होत्या. आत्ताही स्वयंपाकघरात होत्या, आणि भांडी जरा जास्तच वाजत होती.

"सुलेखा," नाना शालीतून हळूच म्हणाले, "तू जा आत. मी गेलो तर तिला ही शाल दिसेल."

सुलेखा आत गेली. शैलाताई साबुदाणा भिजवत होत्या, उद्याच्या सोमवारसाठी.

"आई, राग आलाय का?"

"मला कशाला राग येईल? तुमची पोर, तुमचं घर." त्यांनी पातेल्यावर झाकण आपटलं. "माझ्या नवऱ्याला नन करून बसवलंत, तेवढं मात्र बघवेना."

"गंमत चाललीये हो."

"गंमत नाहीये ती. पोरीला खोटं शिकवताय. आम्ही घरी तुमचीच प्रार्थना म्हणतो, असं सांगायला लावताय. मला जर्मन कळत नसेल, पण काय चाललंय ते कळतं."

हा मुद्दा बिनतोड होता. प्रार्थनेचं उत्तर सिद्धेशच्या डोक्यातून निघालं होतं आणि सुलेखाला ते पहिल्यापासून खटकत होतं, पण शाळा मिळायची तर थोडं इकडंतिकडं चालायचंच, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

"आई, मी दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये होते. काय झालं मला?"

"तुला काय झालं ते तुला कसं कळणार?" शैलाताई म्हणाल्या. दोघींनाही हसू आलं. पण शैलाताईंचं लगेच मावळलं.

"यमुनाआत्या तुला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांची बहीण. आमच्या घरात तिचं नाव घेत नसत. मला ती कळली ती आमच्या मोलकरणीकडून. नगरला मिशनच्या शाळेत घातली होती तिला, पहिला नंबर यायचा. सोळाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला तिने. घरी परत आली नाही. आजोबांनी तिच्या नावाने आंघोळ केली. माझी आजी त्यानंतर दोन वर्षांत गेली. तिच्याच काळजीने गेली, म्हणतात." त्यांनी हात पदराला पुसले. "तू म्हणशील, कुठली सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट घेऊन बसल्या. पण तुम्ही शाळा म्हटलं, नन्स म्हटलं, आणि तेव्हापासून मला तीच दिसते. ही पोर दुपारभर माझ्या मांडीला टेकून बसते गं."

सुलेखाने सासूच्या दंडावर हात ठेवला.

"आई, तुमचं मी आजवर काय मोडलंय? बारशाच्या वेळी तर माझी चूक नसताना नंदिनीची माफी मागितली. पण हे नाही मोडायचं. ती शाळा मिळाली नाही तर ईश्वरी आयुष्यभर समजेल की आपण कमी आहोत. ती कमी नाहीये. मला माहितीये, तुम्हालाही माहितीये."

शैलाताईंनी पातेलं ओट्यावर बाजूला सरकवलं.

"मग मीही येते उद्या. माझ्या डोळ्यांनी बघते. काय ते तिथे ठरवते."

हे सुलेखाच्या हिशेबात नव्हतं. पण नाही कसं म्हणणार?

बाहेर आल्यावर तिने ही बातमी दिली तेव्हा सिद्धेशने डोक्याला हात लावला. "अगं, तिथे आजीला नेत नाहीत कुणी! आई तिथे काही बोलली तर?"

"मराठीत बोलेल," नंदिनी म्हणाली. "त्यांना काय कळणार आहे?"

यावर सगळ्यांचं समाधान झालं. नानांनी शाल काढून घडी घातली आणि आपल्यालाही येता आलं असतं तर, असा चेहरा करून ते मल्हारला खेळवू लागले.

*

सोमवारी बस डोंगर चढू लागली तेव्हा झाडांखाली अजून शिळा बर्फ होता. शैलाताईंनी सुनेचा जाड कोट घातला होता, तरी आत पैठणीच्या काठाची पाचवारी होतीच. ईश्वरी त्यांच्या शेजारी बसली होती आणि दोघी खिडकीतून बोट दाखवून कुजबुजत होत्या. काय ते सुलेखाला ऐकू आलं नाही. बसचा आवाज होता. गेले तीन आठवडे दुपारी शाळा सुटल्यावर ईश्वरी आजीआजोबांजवळच असे, सुलेखा आणि सिद्धेश संध्याकाळी घरी यायचे. मधल्या वेळात तिथे काय चालतं याचा सुलेखाने कधी विचारच केला नव्हता.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत फरशीच्या पॉलिशचा वास होता. सिस्टर बेनेडिक्टा सत्तरीच्या आसपास असतील. अंगावर करडा झगा, वर घरी विणलेलं स्वेटर आणि लोकरी मोज्यांवर सँडल. त्यांनी एकेकाशी हात मिळवला. शैलाताईंनी हात जोडले, तेव्हा त्यांनीही बघून बघून हात जोडले. बिस्किटांची ताटली पुढे सरकवली. "आजी पण आल्या, हे छान झालं," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "इथे सहसा कुणी आजीला आणत नाही."

सिद्धेशने सुलेखाकडे पाहिलं. बघ, मी म्हणालो नव्हतो?

सिस्टरनी विचारलं, हीच शाळा का. सिद्धेश सुटला. मूल्यं, शिस्त, लॅटिनमुळे येणारी तर्कशुद्धता, आपण सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे तिचं महत्त्व आपल्याला कसं कळतं, युरोपच्या संस्कृतीचा पाया. बोलला छान. सिस्टरनी काहीही लिहून घेतलं नाही. त्या ईश्वरीकडे बघत होत्या आणि ईश्वरी बिस्किटाकडे.

"आणि घरी प्रार्थना करता का तुम्ही?" सिस्टरनी सहज विचारलं.

नको बोलू, नको बोलू. सुलेखाने टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली.

"या, गेनाऊ," सिद्धेश जर्मनमध्ये हो म्हणाला. "जेवणाआधी, रोज. फाटरउन्झर." म्हणजे ख्रिस्ती लोकांची 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना.

लाथ शैलाताईंना लागली होती.

"काय झालं गं?" त्या दचकून म्हणाल्या. "काय म्हणाला हा?"

सुलेखा काही सांगणार तोच ईश्वरी आजीकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "पापा सांगतोय, आपण घरी त्यांची प्रेयर म्हणतो. रोज. जेवायच्या आधी."

"कधी?" शैलाताईंनी विचारलं.

सिद्धेशचे कान लाल झाले. सिस्टर पुढे झुकल्या. "आजी काय म्हणतायत?"

ईश्वरीने बापाकडे पाहिलं. मग आजीकडे पाहिलं. मग तिने खरं तेच सांगायचं ठरवलं असावं.

"माझी आजी विचारतेय, कधी," ती जर्मनमध्ये म्हणाली.

सिस्टर बेनेडिक्टा हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या, चष्मा काढून डोळे पुसावे लागले त्यांना. सिद्धेशने काहीतरी पुटपुटायचा प्रयत्न केला, पण त्याचं जर्मन ऐन वेळी दगा देऊन गेलं. सुलेखाला वाटलं, संपलं. बस पकडावी आणि घरी जावं.

"मग आजीच सांगू देत," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्याकडे खरोखर काय करतात? ईश्वरी, विचार त्यांना."

ईश्वरीने विचारलं. मराठीत. सुलेखा ऐकत राहिली. शब्द कुठे अडखळत होते, कुठे मधेच जर्मन शब्द येत होता, पण वाक्यं पुरी होती, सुरेख होती. ही मुलगी केव्हा बोलायला लागली असं? आणि कुणाशी? दुपारभर आजीला टेकून बसते म्हणजे गप्प बसते, असंच तिने धरून चाललं होतं. आजीला जर्मनचा एक शब्द येत नाही, मग पोरगी तिच्याशी बोलणार कशात!

शैलाताईंनी सांगितलं. संध्याकाळी दिवा लावतो, ही आणि मी. श्लोक म्हणतो. ईश्वरीने ते जर्मनमध्ये सांगितलं आणि मग तिला राहवलं नाही. तिने आपलंही घातलं. आजीने उदबत्ती लावली तेव्हा छतावरचा धुराचा अलार्म कसा कोकलला, आजी कशी पंख्यासारखा पदर हलवत होती, आजोबा स्टुलावर चढले आणि त्यांचा हात पोचेना, खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ बाखमान पाण्याची बादली घेऊन धावत आल्या, मग आजीने त्यांना लाडू दिला. हात हलवत, आवाज बदलत, फ्राऊ बाखमानची धापही लावून दाखवत तिने सांगितलं. सुलेखाला हा सगळा प्रकार ठाऊकच नव्हता! तिने सिद्धेशकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून लेकीकडे बघत होता.

"लाडू," सिस्टर म्हणाल्या. "तो शब्द मला आवडला."

"आता माझं एक विचार त्यांना," शैलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

"आई, नको," सिद्धेश घाईने म्हणाला.

"तू गप्प बैस. ईश्वरी, सांग त्यांना. माझी एक आत्या होती. यमुना. ती यांच्यासारख्यांच्या शाळेत शिकायला गेली. हुशार होती. आणि त्यांच्यातली झाली."

ईश्वरीने सांगितलं. सिस्टर आता हसत नव्हत्या.

"ती घरी परत आली नाही. माझ्या आजोबांनी तिच्या नावाने आंघोळ केली."

ईश्वरी थांबली. "आंघोळ का, आजी?"

शैलाताईंनी नातीकडे पाहिलं. हे लेकराला सांगायचं का, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. पण सुरुवात करून बसल्या होत्या.

"कुणी मेलं की करतात ना, तशी. ती जिवंत होती. पण आपल्याला मेली, असं त्यांनी ठरवलं."

ईश्वरीने एकेक शब्द जुळवत ते जर्मनमध्ये सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना तिचा आवाज बारीक झाला, पण तिने ते गाळलं नाही. सुलेखाला वाटलं, उठावं, पोरीला जवळ घ्यावं आणि थांबवावं हे. तिचा हात सिद्धेशने धरला.

"आणि आता विचार," शैलाताई म्हणाल्या, "तुझंही तसंच होणार का."

विचारलं तेही. आपल्याच बाबतीतला प्रश्न ईश्वरीने असा विचारला, की जणू दुसऱ्या कुणा मुलीविषयी विचारते आहे.

सिस्टर बेनेडिक्टांनी बिस्किटांची ताटली बाजूला सरकवली. "मी आजींशी खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे धर्माचा तास असतो, आठवड्यातून दोनदा. सणाला चर्चमध्ये सगळ्या मुली बसतात, तीही बसेल. त्यात सूट नाही. बाप्तिस्म्याचं आम्ही कुणाला विचारत नाही, विचारणारही नाही. पण आम्ही काय मानतो हे ती ऐकेल. तेवढं आजींना मान्य हवं." मग त्या शैलाताईंकडे वळल्या. "मलाही एक विचारायचं आहे. त्या आत्या. त्यांना घरी यायचं नव्हतं, की त्यांना येऊ दिलं नाही?"

ईश्वरीने आजीकडे वळून विचारलं, "आजी, ती येत नव्हती? की तिला येऊ दिलं नाही?"

शैलाताईंनी कोटाचं बटण काढलं आणि परत लावलं. काल स्वयंपाकघरात "घरी परत आली नाही" म्हणताना त्यांचा आवाज कसा ठाम होता, ते सुलेखाला आठवलं.

"आली होती," शैलाताई शेवटी म्हणाल्या. "माझ्या लग्नात आली होती. कार्यालयाच्या फाटकाशी उभी होती, पांढरं पातळ नेसून. मी हार घालून बसले होते, तिथून दिसली. मला ठाऊक नव्हतं कोण ती. तिने माझ्यासाठी काहीतरी आणलं होतं, कापडात बांधून. बाबांनी ते परत पाठवलं. नंतर मोलकरणीने सांगितलं, ती यमुना." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "येऊ दिलं नाही गं. आम्हीच येऊ दिलं नाही."

सिद्धेशने हे कधीच ऐकलं नव्हतं. सुलेखाने तर नाहीच. ईश्वरीने तेही जर्मनमध्ये सांगितलं, आणि मग आपलं काम संपलं असं समजून आजीचा हात हातात घेऊन बसली.

शैलाताईंनी नाक पुसलं. "सांग बाईंना. ही काहीही शिकली, कुणीही झाली, तरी आमच्या घरी येईल. मी असेन, नसेन. सिद्धेश, सुलेखा, तुम्हालाही सांगतेय. ऐकलंत ना?"

"ऐकलं, आई," सुलेखा म्हणाली. या बाईशी आपण बारा वर्षं सासू म्हणून जपून वागलो, आणि माणूस म्हणून आज भेटतो आहोत, असं तिला वाटलं.

सिस्टरनी समोरचा ग्रुंडशूलेचा, ईश्वरीच्या प्राथमिक शाळेचा, कागद उचलला, वाचला आणि बाजूला ठेवला. "इथे लिहिलंय, ही मुलगी बोलत नाही." त्यांनी चष्मा लावला. "बरं, ते त्यांनी लिहिलंय. मी अर्धा तास दोन भाषा ऐकल्या. फाटरउन्झर मात्र मला अजून ऐकायला मिळालेलं नाही." सिद्धेशने मान खाली घातली. "माझ्याकडून जागा आहे. पण ईश्वरी, आतापर्यंत तू सगळ्यांचं सांगितलंस. आता तुझं सांग. तुला यायचंय का?"

आणि तेव्हा सुलेखाच्या लक्षात आलं, की गेले चार महिने घरात या शाळेवरून तट पडले, रुसवेफुगवे झाले, ड्युसेलडॉर्फला फोन गेले, नानांना नन केलं, पण हा एक प्रश्न कुणी ईश्वरीला विचारला नव्हता. तिनेही नाही.

ईश्वरीने आजीचा हात सोडला आणि खुर्चीतच वळून सुलेखाकडे पाहिलं. दोन वर्षं त्या दोघी एकमेकींशी परक्या भाषेत बोलत होत्या. आता ईश्वरी मराठीत बोलली.

"मम्मी, मी हो म्हटलं, तर तू पण माझ्याशी आजीसारखं बोलशील?"

सुलेखाच्या जिभेवर सवयीने जर्मन शब्द आला. तिने तो गिळला.

"बोलेन," ती म्हणाली. "बाळा, आत्तापासून बोलेन."

ईश्वरीने तिच्याकडे नीट पाहून घेतलं, आई खरं बोलते आहे ना याची खात्री करत असल्यासारखं. मग ती सिस्टरकडे वळली आणि बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हो म्हणाली.